भिंगरीचा ड्रायव्हर

ताई : स्पीकरवर टाक तो फोन, आणि आवाज मोठा कर.

धाकटा : टाकलाय. अजून नुसतं संगीतच वाजतंय.

ताई : वाजू दे. आज माणूस बोलेपर्यंत मी फोन ठेवणार नाही. हे संगीत आता मला झोपेतही ऐकू येतं. ऐक, आत्ता... आला बघ जोड. तुकडा संपतो तिथे दुसरा चिकटवलाय, मध्ये ठेच लागते. साधं गाणं धड जोडता येत नाही, आणि ही माणसं एडिटिंगचं सॉफ्टवेअर विकतात.

धाकटा : चहा गार होतोय तुझा.

ताई : होऊ दे.

धाकटा : ताई, त्यांनी लिहिलंय ना त्यांच्या पानावर. ड्रायव्हरचं काम चालू आहे, लवकरच येईल.

ताई : लवकरच म्हणजे कधी? मी बाईंना सांगू का, तुमची फिल्म लवकरच होईल? संध्याकाळी त्या आल्या की तू सांग हे वाक्य, त्यांच्या तोंडाकडे बघून.

धाकटा : बाई आज येणार आहेत?

ताई : येणार आहेत. डिस्क घेऊन जाणार आहेत.

धाकटा : तसं म्हणाल्या?

ताई : म्हणाल्या नाहीत. 'तू तब्येतीला जप' असं म्हणाल्या. डिरेक्टर इतक्या मायेने बोलायला लागला की समजावं, त्याला दुसरा एडिटर सापडलाय. सगळी फिल्म लावून झाली माझी. राहिला तो नावाड्याचा एक सीन. ज्याच्यासाठी बाकीची फिल्म आहे तोच राहिला, आणि नेमकी तेव्हा या लोकांना माझं चाक, माझी भिंगरी मारायची बुद्धी झाली.

धाकटा : मारली कुठे. बंद आहे.

ताई : बंद असतो तो पंखा, बटण दाबलं की पुन्हा फिरतो. ती मेली आहे. म्हणून तर फडकं टाकलंय तिच्यावर. त्या दिवसापासून हात लावलेला नाही मी तिला, बघवत नाही. एका दुपारी मशीनवरून उठते, दुसऱ्या दिवशी सकाळी येते तर पडद्यावर नवं कोरं व्हर्जन. कोणी मागितलं होतं? आपलं आपण घरात शिरलं, बूट काढले नाहीत, आणि...

फोनवरचा : नमस्कार. आपण वाट पाहिल्याबद्दल आम्ही आभारी आहोत. मी आपल्याला काय मदत करू शकतो?

ताई : वाट पाहिली नाही, बघायला लावलीत. माझी तक्रार तुमच्यासमोर असेल. नसली तर शोधा, मी बसलेय.

फोनवरचा : दिसतेय, मॅम. आपण सॉफ्टवेअर अपग्रेड केल्यानंतर आपला एडिटिंग कन्सोल ओळखला जात नाही. बरोबर?

ताई : मी केलं नाही. तुम्ही केलंत. पुढे बोला.

फोनवरचा : आपली गैरसोय मी समजू शकतो, मॅम. त्या कन्सोलसाठी नवीन ड्रायव्हर लागेल. तो कन्सोल बनवणाऱ्या कंपनीकडून यायचा आहे.

ताई : त्यांना मी परवा विचारलं. ते म्हणाले, तुमच्याकडून यायचा आहे. तुम्ही दोघं एकदा एका खोलीत बसा आणि ठरवा तो कोणाकडून यायचाय. हवी तर माझी खोली घ्या, रिकामीच आहे.

फोनवरचा : मी आपला निरोप वर पोहोचवतो. तोपर्यंत, मॅम, कीबोर्डवरच्या बाणानेही एकेक फ्रेम पुढेमागे नेता येते.

ताई : तुम्ही कधी फिल्म कापली आहे?

फोनवरचा : नाही, मॅम.

ताई : मग ऐका. माझ्या उजव्या हाताची बोटं काम करत नाहीत. माउस धरला की थोड्या वेळात हात लाकूड होतो. मी सगळं काम डाव्या हाताने करते, एका चाकावर. आमच्या घरात तिला भिंगरी म्हणतात. बशीएवढं जड चाक आहे. फिरवलं की चित्र पुढे, उलटं फिरवलं की मागे. आणि एक फ्रेम सरकली की बोटाला एक खाच लागते. टक. ती खाच तुमच्या सॉफ्टवेअरमधली नाही, लोखंडात कोरलेली आहे. वीज गेली तरी लागते. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो ना, तो मी डोळ्यांनी बघते आणि कट बोटाने करते. बाण दाबून ते होत नाही. बाण दाबून मोजणी होते.

फोनवरचा : समजलं, मॅम.

ताई : समजलं असेल तर जुनं व्हर्जन परत द्या मला.

फोनवरचा : ते देता येईल, मॅम. पण आपलं प्रोजेक्ट एकदा नव्या व्हर्जनमध्ये उघडलं गेलं की जुन्यात उघडत नाही. अपग्रेडच्या आधी घेतलेली प्रत आपल्याकडे असेल तर...

ताई : नाहीये. मशीन माझा भाऊ बघतो. डिस्क भरली होती म्हणून प्रत घेतली नव्हती, असं तो म्हणाला. आणि घेणार कशी? तुम्ही कोणाला सांगून थोडंच येता. रात्री आपोआप घुसता.

फोनवरचा : मॅम, इथे थोडा गैरसमज होतोय. आमचं मोठं व्हर्जन आपोआप कधीच चढत नाही.

धाकटा : ताई, राहू दे आता. मी बोलतो त्याच्याशी नंतर.

ताई : थांब. काय म्हणालात?

फोनवरचा : आपोआप चढत नाही, मॅम. आधी एक लाल चौकट येते. जोडलेल्या यंत्रांपैकी जी पुढे चालणार नाहीत, त्यांची नावं त्या चौकटीत येतात. खाली लिहिलेलं असतं, 'मला हे समजलं आहे.' त्यावर खूण केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आपल्या खात्यात ती खूण झालेली दिसतेय.

ताई : कधी?

फोनवरचा : मागच्याच्या मागच्या गुरुवारी, मॅम. दुपारी.

ताई : गुरुवारी दुपारी.

फोनवरचा : हो, मॅम. आणखी काही मदत हवी आहे का? नसल्यास, या संभाषणाला आपण एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?

ताई : पाच. इतक्या दिवसांत माझ्याशी खरं बोललेले तुम्ही पहिलेच. ठेवते.

धाकटा : ताई...

ताई : दार लाव.

धाकटा : कशाला?

ताई : खोली साउंडप्रूफ आपण दोघांनी मिळून केली होती. आज तिचा उपयोग करायचाय.

धाकटा : लावलं.

ताई : गुरुवारी दुपारी मी डॉक्टरांकडे होते. जात नव्हते, तू हट्टाने पाठवलंस. रिक्षात बसवून आलास. मशीनपाशी कोण होतं?

धाकटा : मीच होतो.

ताई : लाल चौकट आली?

धाकटा : आली.

ताई : भिंगरीचं नाव होतं?

धाकटा : एकच नाव होतं. तिचंच.

ताई : वाचलंस?

धाकटा : वाचलं. अगं, म्हणजे दोनदा वाचलं.

ताई : मग?

धाकटा : मग खूण केली.

ताई : चुकून झालं म्हण. एकदा म्हणून बघ. मला तेवढं तरी खोटं बोल.

धाकटा : चुकून नाही झालं.

ताई : मी त्या लोकांना काय काय बोलले असेन, आहे हिशेब? त्यांच्या त्या मुलीला रडवलं मी मागच्या आठवड्यात फोनवर. तिचा काय संबंध? आणि तू शेजारी बसून मान हलवत होतास. 'हो ना ताई, काय लोक आहेत.' शिवाय त्यांच्या पानावर लिहिलंस, स्वतःच्या हाताने, 'एडिटरच्या पोटावर पाय देताना लाज वाटायला हवी.' ते कोणाला लिहिलंस?

धाकटा : तू मागे उभी होतीस. काहीतरी लिहावं लागलं.

ताई : मला वाटलं, भाऊ भांडतोय माझ्यासाठी. मी खूश झाले रे. वाचून दाखवलं बाईंना.

धाकटा : माहीत आहे.

ताई : काय वाकडं केलं मी तुझं?

धाकटा : काही नाही. ताई, तू बस आधी.

ताई : मी उभीच बरी आहे. बोल.

धाकटा : त्या बुधवारी सकाळी तू चहा करत होतीस. आधण उकळलं. तू पातेलं उतरवलंस. चिमटा नाही, फडकं नाही, डाव्या हाताने कडेला धरून उचललंस. ओट्यावर ठेवलंस आणि मला विचारलंस, साखर किती घालू. मी तुझ्या बोटांकडे बघत होतो.

ताई : घाईत होते.

धाकटा : फोड आला होता. तुला संध्याकाळी दिसला. मला विचारलंस, हे कधी झालं.

ताई : काम करणाऱ्या बाईच्या हाताला फोड येतात. तू उगाच त्यावर डोंगर रचू नको. डोक्यात दुसरं चालू असलं की चटका कळत नाही.

धाकटा : उजव्याच्या वेळेलाही तू हेच म्हणाली होतीस. डोक्यात फिल्म चालू आहे. ती फिल्म झाली की दाखवते, मग पुढची झाली की दाखवते. दाखवलास तेव्हा डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलंय, मी होतो तिथे. वेळेत आणलं असतं तर, म्हणाले. आता डाव्यालाही तेच. मानेतली नस दबतेय, ताई. गुरुवारी तू तिथून निघालीस आणि त्यांनी मला फोन केला. ऑपरेशन आत्ताच करायला हवं, आणि तोपर्यंत हाताला पूर्ण आराम. तू त्यांना सांगून आलीस, फिल्म झाली की बघू.

ताई : माझ्यामागे डॉक्टरांशी बोलायला लागलास. छान. आणि फोन ठेवला आणि खूण केलीस.

धाकटा : चौकट आधीच उघडी होती. मी व्हर्जन चढवणार नव्हतो, नुसतं बघत होतो. भिंगरीचं नाव दिसलं म्हणून थांबलो होतो. मग फोन आला. मला वाटलं, मी सांगून तू ऐकणार नाहीस. मशीनच बंद पडलं तर ऐकशील. ड्रायव्हर येईपर्यंत तेवढं ऑपरेशन उरकेल.

ताई : आणि मी काय केलं?

धाकटा : रोज सकाळी इथे येऊन बसलीस. फोन लावत.

ताई : ऑपरेशनचं नाव तरी काढलं का मी?

धाकटा : नाही.

ताई : मग तुझी अक्कल कुठे गेली? पहिल्या आठवड्यातच कळायला हवं होतं की ही बाई हलत नाही. तेव्हा तरी तोंड उघडायचं.

धाकटा : धीर होईना. तू दिवसेंदिवस जास्तच चिडत होतीस.

ताई : चिडत होते, कारण मला फसवत होतं कोणीतरी, आणि ते कोण हे मला कळत नव्हतं. तुला शर्टाची बटणं लावायला कोणी शिकवलं रे?

धाकटा : तूच.

ताई : मीच. आई गेल्यावर तुझं सगळं मीच केलं. आणि तू आता माझा बाप व्हायला निघालास.

धाकटा : आता तुझी बटणं कोण लावतं, ताई?

ताई : ती उजव्या हातामुळे. त्याचा इथे संबंध नाही. हात माझा आहे. फिल्म माझी आहे. दोन्हींतलं काय आधी मोडायचं ते मी ठरवीन. तू मला न विचारता ठरवलंस, ते मला सहन होत नाही. तू ओरडला असतास, भांडला असतास, दाराला बाहेरून कडी घातली असतीस तरी चाललं असतं. तू मला वाट बघत बसवलंस. जे येणारच नाही त्याची.

धाकटा : येणार आहे तो ड्रायव्हर. खरंच लिहिलंय त्यांनी.

ताई : कधीतरी येईल आणि बाई संध्याकाळी येतील. त्यांचा तो नवा एडिटर काय करेल माहीत आहे? नव्या व्हर्जनमधलं ते बटण दाबेल. 'शांतता काढून टाका.' पहिल्या दिवशी तूच मोठ्या कौतुकाने दाबून दाखवलं होतंस. बघ ताई, आता हाताने करायलाच नको. आणि आपला नावाडी एखाद्या जाहिरातीतल्या माणसासारखा बोलायला लागला. भडाभडा.

धाकटा : ते मला पटलं नव्हतं. मला वाटलं, तुला बरं वाटेल.

ताई : त्याला विचारलंय, उद्या पूल सुरू होणार, मग तुम्ही काय करणार. तो नदीकडे बघतो. मग श्वास घेतो, आता बोलेल असं वाटतं, आणि बोलत नाही. संपलं. त्या श्वासावर कापायचंय. एक फ्रेम पुढे गेली तर तो विसरल्यासारखा दिसतो, आणि एक मागे राहिली तर नुसताच बसलेला दिसतो. त्या माणसाचं आयुष्य तेवढ्या जागेत आहे, आणि ती जागा फक्त मला माहीत आहे. ती लावल्याशिवाय मी कुठल्याही टेबलावर झोपणार नाही. ऐकतोयस ना?

धाकटा : ऐकतोय.

ताई : मग असा काय बघतोयस कपाटाकडे?

धाकटा : ताई, प्रत आहे.

ताई : कसली?

धाकटा : जुन्या व्हर्जनची. अख्ख्या मशीनची. खूण करायच्या आधी घेतली. तुझं काम जाऊ नये म्हणून.

ताई : कुठे आहे?

धाकटा : वरच्या खणात. तुझ्या जुन्या टेपा आहेत ना, त्यांच्यामागे.

ताई : म्हणजे मी रोज त्या कपाटाला पाठ टेकून फोनवर रडत होते.

धाकटा : हो.

ताई : तुला काय बोलावं तेच कळेनासं झालंय मला. शिव्या होत्या त्या सगळ्या त्या कंपनीला देऊन संपल्या.

धाकटा : दे ना. मी काही म्हणत नाही.

ताई : डिस्क लाव.

धाकटा : लावतो. पण एक ऐकशील...

ताई : अट घालायची नाही. तुझी अट घालायची लायकी गुरुवारी दुपारी गेली. लाव.

धाकटा : अट नाही. मागे तू म्हणाली होतीस ना, भिंगरी सैल झालीय, उघडून बघ, तेव्हा मी ती उघडली होती. आत सगळं...

ताई : आणि स्प्रिंग बदललीस. मग बरी चालली काही दिवस. तेवढं एक काम धड केलंस. विषय बदलू नको. लाव.

(कपाटाचं दार करकरलं. धाकट्याने टेपा बाजूला सारून डिस्क काढली, जोडली, आणि मशीन तिच्यावरून सुरू केलं. ते सुरू व्हायला नेहमीसारखाच वेळ लागला, पण आज तो दोघांनाही जड गेला. ताईने फडकं काढून खुर्चीवर फेकलं. भिंगरीवर हिरवा दिवा लागला होता.)

ताई : दिवा लागला. बघितलास?

धाकटा : बघितला.

ताई : ड्रायव्हर म्हणे. सगळं जिथल्या तिथे आहे. हा बघ, माझा शेवटचा कटसुद्धा जागेवर आहे. खुर्ची पुढे घे माझी. आणखी. बस. आवाज सोड.

धाकटा : बाईंना फोन करू का? थांबा म्हणून सांगतो.

ताई : आधी लावू दे. लागल्यावर मीच करते. आता गप्प बसून ऐक. बाईंनी प्रश्न विचारला. बघ त्याला.

धाकटा : नदीकडे बघतोय.

ताई : बघू दे. त्याला घाई नाही. आता खांदा वर जाईल. गेला. श्वास. हा, इथे. इथून थोडं मागे. थांब.

धाकटा : जास्त मागे गेलं, ताई.

ताई : मला दिसतंय. पुन्हा घेते. खांदा... श्वास... आणि...

धाकटा : आता पुढे गेलं. त्याने वल्हं उचललं.

ताई : तू मध्ये बोलू नको म्हटलं ना. बाजूला सरक, सावली पडतेय तुझी. पुन्हा.

धाकटा : सरकलो.

ताई : श्वास... श्शी. चित्र पळतंय नुसतं. कुठे थांबायचं तेच कळत नाही. चाक साबणासारखं फिरतंय.

धाकटा : थोडं थांब. इतक्या दिवसांनी हात लावतेयस.

ताई : इतक्या दिवसांनी म्हणजे मी काही परकी झाले का तिला? ड्रायव्हर अर्धाच चढलाय. नाहीतर त्या तुझ्या नव्या व्हर्जनने जाता जाता काहीतरी बिघडवून ठेवलंय.

धाकटा : ताई, खाच ड्रायव्हरमध्ये नसते.

ताई : मला शिकवू नको. मग तू मोडलीस. उघडली होतीस ना? कसली स्प्रिंग घातलीस तिच्यात?

धाकटा : स्प्रिंग बदललीच नव्हती मी. आत काही झालं नव्हतं. पुसली आणि बंद केली.

ताई : म्हणजे तेव्हाही खोटंच. मग झिजल्या असतील खाचा. लोखंडच ते, झिजतं. हात लावून बघ. बघ म्हणते ना.

धाकटा : सरकव हात. हं.

ताई : लागतात?

धाकटा : लागतात.

ताई : हळू फिरव. तू भसकन फिरवतोस.

धाकटा : हळूच फिरवतोय. प्रत्येक लागतेय.

ताई : तू उजव्या हाताने बघत असशील. उजव्याने कोणालाही लागतील. डाव्याने बघ.

धाकटा : डाव्यानेच बघतोय, ताई.